मशीन आहे, पण नंबर गेला: धातूच्या लेबलांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की मशीनवर, हत्यारांवर किंवा स्वतः बनवलेल्या मालावर लावायच्या कोरीव धातूच्या लेबलांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि खरंच भरपूर पत्रं आली. जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलंय, "कुठला धातू चांगला?" मी मात्र आधी हे विचारेन की तुमचं लेबल जाणार कशाने. रंगाने, घासण्याने, केमिकलने, उष्णतेने, उन्हाने, की नुसतंच निघून पडेल म्हणून? हे नक्की कळलं की धातू, कोरायची पद्धत आणि चिकटवायचं कसं हे सगळं त्यातूनच ठरत जातं. हे न बघता कॅटलॉगमधलं सगळ्यात महाग घेतलं तरी ते टिकेलच असं नाही.

प्रश्न: ताई, आमच्याकडे पंप आणि मोटर दुरुस्तीला येतात. अर्ध्या मोटरांची रेटिंग प्लेट (मोटरची क्षमता, व्होल्टेज वगैरे लिहिलेली पट्टी) वाचताच येत नाही, कोणीतरी वरून रंग मारलेला असतो, नाहीतर साफ करताना ग्राइंडर फिरवलेला असतो. आता आम्ही स्वतःची प्लेट बनवून लावणार आहोत, जॉब नंबर, एचपी, व्होल्टेज, आरपीएम वगैरे. एसएसवर, म्हणजे स्टेनलेस स्टीलवर, लेझर करून घेतलं तर कायमचं काम होईल ना?

फक्त "एसएसवर लेझर" एवढ्यावर नाही होणार. तुमच्या प्लेटा गंजाने जात नाहीयेत, रंगाने आणि ग्राइंडरने जातायत, म्हणजे तुम्हाला धातूपेक्षा अक्षराची खोली जास्त महत्त्वाची आहे. लेझर हा शब्द ऐकला की आपण निर्धास्त होतो, पण त्याच फायबर लेझरने एकाच स्टीलवर अगदी वेगवेगळी कामं होतात. एका पद्धतीत स्टील नुसतं तापवतात, वर ऑक्साइडचा अगदी पातळ थर येतो आणि अक्षर काळंभोर दिसतं, बोट फिरवलं तर काहीच हाताला लागत नाही. याला ॲनिलिंग म्हणतात. दिसायला सुंदर, गुळगुळीत, घाण साठत नाही, पण सँडपेपर लागला की गेलं आणि रंग मारला तर खाली अक्षर होतं याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत लेझर खरोखर धातू उडवून खाच पाडतो, त्याला वेळ जास्त लागतो म्हणून तो महाग पडतो, आणि तुम्ही स्पष्ट सांगितलं नाही तर बरेच जण पहिलंच करून देतात. दोन्हीला "लेझर मार्किंग"च म्हणतात, म्हणून ऑर्डरमध्ये खोली आकड्यात लिहा, नुसतं "डीप" लिहू नका.

किती खोली? इंडस्ट्रियल पेंटचा थर वाळल्यावर साधारण ५० ते १०० मायक्रॉन (०.०५ ते ०.१ मिमी) धरा, आणि दुरुस्तीच्या मोटरवर असे दोन तीन थर चढतातच. म्हणजे ०.०५ मिमी खोल अक्षर पहिल्याच रंगात बुजलं. तुमच्या कामाला मी ०.२ ते ०.३ मिमी तरी मागेन, आणि त्यासाठी पत्रा १ मिमीच्या आसपास हवा, पातळ पत्र्यावर तेवढं खोल गेलं तर प्लेट वाकडी होते. एवढी खोली केमिकल एचिंगनेही मिळते, म्हणजे जिथे कोरायचं नाही तो भाग झाकून बाकीचा फेरिक क्लोराइडने खाऊ देतात. सगळ्या मोटरांना चालेल असा कायमचा मजकूर, चौकटी, तुमचं नाव, हे सगळं एचिंगने एकदम करून घ्या आणि आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवा. आकडे नंतर तुमच्याच टेबलावर नंबर पंचने किंवा डॉट पीनने मारा. डॉट पीन म्हणजे कार्बाइडची सुई ठोकून ठिपक्याठिपक्यांनी अक्षर काढते ते मशीन, हातात धरून वापरायचंही मिळतं.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक मागतात, आणि तुमच्यासाठी मला तीच सगळ्यात बरोबर वाटते, ती म्हणजे उठावाची अक्षरं. एचिंगमध्ये अक्षर खायच्या ऐवजी आजूबाजूची जमीन खाऊ द्यायची, अक्षर वर राहतं. कोणी रंग मारला तरी सपाट पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून एकदा हलकेच फिरवा, वरच्या कडांवरचा रंग निघतो, खालचा राहतो आणि अक्षर परत वाचता येतं. खोदलेल्या अक्षरात रंग बसला तर थिनर आणि ब्रश घेऊन खरवडत बसावं लागतं. ग्राइंडरपुढे मात्र उठावाचं अक्षर आधी जातं हेही खरं, तेव्हा ज्या मालावर ग्राइंडर फिरायची भीती जास्त तिथे खोदलेलंच घ्या. आणि रंग मारणाऱ्याला मास्किंग टेपचा तुकडा किंवा ग्रीसचं बोट प्लेटवर फिरवायची सवय लावा, तेवढ्याने कितीतरी प्लेटा वाचतात.

नंबर पंचबद्दल एक माहिती सांगायचीच आहे. पंच मारल्यावर नुसती खाच पडत नाही, खालचा धातूही दाबला जातो, त्यामुळे वरून नंबर घासून टाकला तरी खास ॲसिडने तो भाग एच केला तर नंबर परत उमटू शकतो, चोरीच्या वाहनांचे आणि बंदुकांचे नंबर फॉरेन्सिक लॅबमध्ये असेच शोधतात. मात्र हाच पंच शाफ्टवर किंवा जिथे सतत ताण येतो अशा जागी मारू नका, टोकदार खाचेतून तडा सुरू होतो. अशा भागांसाठी गोल टोकाचे, कमी ताण देणारे पंच वेगळे मिळतात, नाहीतर सरळ प्लेट दुसरीकडे लावा.

आणि प्लेट लावायची जागा! मोटरच्या मागच्या फॅन कव्हरवर प्लेट लावलेली कितीदा दिसते. ते कव्हर दोन स्क्रूंवर निघतं, दुरुस्तीत दोन मोटरांची कव्हरं बदलली की ५ एचपीची मोटर कागदावर ७.५ ची होऊन जाते आणि पुढचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून केबल आणि ओव्हरलोड (जास्त करंट आला की मोटर बंद करणारं उपकरण) निवडतो. प्लेट नेहमी मुख्य बॉडीवर, जे सहसा बदललं जात नाही त्या भागावर. इथे मी कधीच तडजोड करू देणार नाही कारण चुकीच्या जागची चांगली प्लेट ही प्लेट नसण्यापेक्षा जास्त घातक आहे.

प्रश्न: आमच्या प्रोसेसिंग प्लांटमध्ये टाक्या आणि पाइपलाइनवर काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या प्लेटा लावल्या होत्या. रोज कास्टिकने (कास्टिक सोड्याच्या पाण्याने) धुलाई असते. काही महिन्यांत प्लेटा पांढरट पडल्या आणि अक्षरं दिसेनाशी झाली. सप्लायर म्हणतो माल चांगलाच होता. खरं काय?

सप्लायर खोटं बोलत नसेल. ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा थर, साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाड, कडक असतो, ऊन पाऊस घासणं छान सोसतो. पण ॲल्युमिनियमचा ऑक्साइड ॲसिडमध्येही विरघळतो आणि अल्कलीमध्येही, साधारण पीएच ४ ते ९ च्या मध्ये तो सुखी असतो आणि कास्टिकचा पीएच १३ च्या पुढे. ॲनोडायझिंग काढून टाकायचं असेल तर कारखान्यात कास्टिकमध्येच बुडवतात, तुमच्याकडे तेच रोज थोडं थोडं होत होतं. क्वालिटी कितीही वरची घेतली असती तरी हेच झालं असतं.

तुम्हाला स्टेनलेस हवं. क्लोरीनवालं सॅनिटायझर किंवा मिठाचं पाणी येत असेल तर ३१६ ग्रेडचं, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडने जी बारीक टाचणीएवढी भोकं पडतात ती त्यामुळे बरीच कमी होतात. क्लोराइड नसेल तर ३०४ पुरतं.

आता यातली मेख अशी की स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे, आणि लेझरच्या उष्णतेने नेमका तोच थर अक्षरांच्या जागी बिघडतो. म्हणून प्लेट चकचकीत आणि अक्षरांमधून तांबूस गंजाचे ओघळ असं बघायला मिळतं. त्यावर उपाय पॅसिव्हेशन, म्हणजे मार्किंग झाल्यावर सायट्रिक किंवा नायट्रिक ॲसिडच्या बाथमध्ये बुडवून तो थर परत बनू द्यायचा. पण मघाशी सांगितलं ते ॲनिलिंगचं काळं मार्किंग पॅसिव्हेशनमध्ये फिकं पडू शकतं, म्हणून तुमच्यासाठी खाच पाडलेलं किंवा एचिंग केलेलं आणि नंतर पॅसिव्हेट केलेलं असं मागा. अक्षरात रंग भरून घेऊ नका. कास्टिकपुढे भरलेला रंग टिकण्याची खात्री नाही, आणि सुटला तर त्याच्या खपल्या नको तिथे जातील.

प्लेटच्या मागे फट राहिली तर तिथे ओल आणि घाण बसते, ते तुमच्या प्लांटमध्ये अजिबात चालणार नाही. शक्य असेल तिथे प्लेट टाकीला न लावता वेगळ्या ब्रॅकेटवर लावा किंवा भोक पाडून स्टीलच्या वायरने लटकवा, म्हणजे मागूनही धुता येते.

प्रश्न: सप्लायर ३१६ म्हणून देतो पण ३०४ देत असेल तर? चुंबक लावून कळतं का?

नाही कळत. ३०४ आणि ३१६ दोन्ही जवळपास चुंबकाला चिकटत नाहीत, उलट वाकवलेलं किंवा कापलेलं ३०४ कडेला थोडं चिकटतं आणि लोक उगाच घाबरतात. चुंबकाने एवढंच कळतं की कोणी ४३० ग्रेडचं स्टेनलेस देत नाहीये ना, कारण ते चांगलं कडक चिकटतं. ३१६ ची खात्री करायची तर मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंबाच्या टेस्ट किट मिळतात, किंवा एक्सआरएफ गनवाल्याकडून (ही गन एक्स-रेने धातूतले घटक ओळखते) तपासून घ्या, आणि मोठ्या ऑर्डरला पत्र्याचं मिल सर्टिफिकेट, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, मागा.

प्रश्न: प्लेट चिकटवू की रिव्हेट मारू? आमच्यात दोन गट पडलेत. आमची पॅनल आणि कॅबिनेट पावडर कोटेड (कोरड्या पावडरचा रंग भाजून बसवलेली) आहेत, काही बाहेर उघड्यावर असतात.

दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर आहेत, हे पृष्ठभागावर आणि आत काय आहे त्यावर ठरतं. तुमचं कॅबिनेट पाणी आणि धूळ आत न येणारं म्हणून विकलं जात असेल तर त्यात रिव्हेटसाठी पाडलेलं प्रत्येक भोक त्या दाव्याला छेद देतं. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्यातून पाणी आत जातंच. मारायचाच असेल तर बंद टोकाचा सीलवाला रिव्हेट घ्या. प्रेशर व्हेसल (आत दाब असलेली टाकी) असेल तर विषयच संपला, त्याच्या शेलला भोक पाडायचं नाही, त्यासाठी बनवणाऱ्याने ब्रॅकेट दिलेलं असतं त्यावरच प्लेट लागते.

चिकटवण्यासाठी चांगली ॲक्रिलिक फोम टेप घ्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, जाडसर. ती उन्हापावसात वर्षानुवर्षं धरते हे खरंय, पण लावायची पद्धत चुकली की दुसऱ्याच आठवड्यात प्लेट खाली. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हात लावू नका, मग लावा आणि सगळ्या भागावर जोरात दाब द्या, रोलर असेल तर उत्तम, कारण ही टेप दाबाने पकडते. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात, म्हणून लावून लगेच ओढून बघणाऱ्यांना सांगा की थांबा. कडाक्याच्या थंडीत किंवा दव पडलेल्या पत्र्यावर लावूच नका. प्लेटचे कोपरे गोल ठेवा, चौकोनी टोकापासूनच उचकटायला सुरुवात होते.

पावडर कोटिंगमध्ये मात्र एक भानगड असते, काही पावडरमध्ये पृष्ठभाग निसरडा करणारं ॲडिटिव्ह घातलेलं असतं आणि त्यावर टेप नीट धरत नाही. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर लावून तीन दिवसांनी ओढून बघा, निघाली तर टेप कंपनीचा प्रायमर लावून परत बघा. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीनच्या बॉडीवरही हाच त्रास, तिथे प्रायमरशिवाय जवळपास काहीच धरत नाही.

रिव्हेट मारणाऱ्या गटाला माझं सांगणं, धातू जुळवा. स्टेनलेसच्या मोठ्या बॉडीवर ॲल्युमिनियमचे छोटे रिव्हेट आणि वर खारी ओल, म्हणजे रिव्हेट झपाट्याने खाल्ले जाणार, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी आलं की जास्त क्रियाशील धातू, इथे ॲल्युमिनियम, झिजतो आणि तो आकाराने लहान असेल तर फारच जोरात झिजतो. उलट, ॲल्युमिनियमच्या प्लेटला स्टेनलेसचे रिव्हेट तेवढा त्रास देत नाहीत. बाहेरच्या कॅबिनेटला मी तरी स्टेनलेस प्लेट, टेप आणि जिथे भोक चालतं तिथे वरून दोन सीलवाले स्टेनलेस रिव्हेट असं करेन, टेपमुळे मागे पाणी जात नाही आणि रिव्हेटमुळे कोणी खुशाल काढून नेत नाही.

प्रश्न: भट्टीजवळच्या आणि एक्झॉस्टच्या भागांवर काय लावायचं?

स्टेनलेस, खोल एचिंग किंवा खोल कोरीव, रंग न भरता, स्टेनलेस वायरने किंवा स्क्रूने. चिकटवणं विसरा. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला, पण त्याच्या खूप आधीच ते मऊ पडतं, आणि ॲनोडाइज्ड थराला तर १०० अंशांच्या आसपासच बारीक तडे जायला लागतात कारण खालचा धातू जास्त फुगतो आणि वरचा थर कमी. स्टेनलेस तापून निळं तपकिरी होईल, रंगावर अवलंबून असलेली अक्षरं त्यात हरवतील, खाच मात्र दिसत राहील.

प्रश्न: नमस्कार, प्रत्येक मशीनला क्यूआर कोडची प्लेट लावली, स्कॅन केलं की मेंटेनन्सचा रेकॉर्ड उघडावा म्हणून. पण चकचकीत स्टीलवर मोबाइलला कोड दिसतच नाही आणि काळ्या ॲल्युमिनियमवरचे काही फोन वाचतात काही नाही. काय चुकतंय?

चकचकीत स्टील आरशासारखं वागतं, फोनला कोडच्या जागी दिव्याचं किंवा स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. कोडच्या जागेपुरता तरी मॅट किंवा ब्रश फिनिश घ्या, आणि लेझरवाल्याला सांगा की कोडच्या मागचा चौकोन आधी हलकासा पांढरट करून मग त्यावर काळं मार्किंग कर, बरेच जण हे करून देतात.

काळ्या ॲनोडाइज्डवर गोष्ट वेगळी आहे. तिथे लेझर काळा थर उडवतो आणि जिथे कोरलं ते पांढरं दिसतं. म्हणजे नेहमीची फाइल तशीच दिली तर कोड उलटा येतो, काळ्या जमिनीवर पांढरे ठिपके, आणि काही ॲप उलटा कोड वाचतात, काही नाही वाचत. फाइल उलटवून द्यायची, म्हणजे पांढरे भाग आणि भोवतीची मोकळी चौकट कोरायची आणि काळे ठिपके न कोरता सोडायचे. भोवतीची चौकट फार महत्त्वाची, क्यूआरला चारी बाजूंनी चार ठिपक्यांएवढी मोकळी जागा लागते, आणि डिझाइन करणारे नेमकी तीच खाऊन तिथे लोगो बसवतात.

एरर करेक्शनची सगळ्यात वरची पातळी घेतली तर साधारण ३० टक्के कोड खराब झाला तरी वाचता येतो, पण त्याने ठिपके वाढतात आणि बारीक होतात. त्यापेक्षा कोडमध्ये मजकूर कमी भरा. लांबलचक वेब पत्ता कोरू नका, नुसता मशीनचा नंबर किंवा तुमच्या ताब्यातला छोटासा पत्ता घाला. सॉफ्टवेअर बदलेल, सर्व्हर बदलेल, कोरलेली प्लेट बदलत नाही. आणि कोडच्या खाली तोच नंबर माणसाला वाचता येईल असा कोरा, हे कधीच विसरू नका, ग्रीस लागलेल्या हाताने अंधारात उभा असलेला माणूस आधी डोळ्यांनीच वाचतो.

जागा फारच लहान असेल, समजा टूलच्या दांड्यावर, तर डेटा मॅट्रिक्स बघा, तोही क्यूआरसारखाच ठिपक्यांचा चौकोनी कोड असतो. क्यूआर कमीत कमी २१ बाय २१ ठिपक्यांचा असतो, डेटा मॅट्रिक्समध्ये १२ बाय १२ मध्ये दहा आकडे बसतात आणि भोवती एकाच ठिपक्याची मोकळी जागा पुरते. मात्र बऱ्याच फोनचा साधा कॅमेरा तो वाचत नाही, वेगळं ॲप लागतं, म्हणजे स्कॅन कोण करणार हे आधी ठरवा.

प्रश्न: मी चामड्याच्या बॅगा आणि लाकडी वस्तू बनवते. छोटा पितळी लोगो लावायचाय. सगळे म्हणतात पितळ काळं पडतं. मग घेऊ की नको?

घ्या की. पितळ काळं पडतं ते बिघडणं नाही, हवेमुळे आणि हाताच्या घामामुळे त्याचा वरचा थर बदलतो, आणि हाताने बनवलेल्या वस्तूवर ते शोभूनही दिसतं. फक्त ठरवून करा. एक तर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलेलं घ्या, ते पिवळंधमक राहतं पण जिथे ओरखडा पडतो तिथून काळेपणा आत शिरतो आणि डाग डाग दिसतात, म्हणून ते कमी हाताळल्या जाणाऱ्या लाकडी वस्तूंना ठीक. बॅगेला मात्र मी बिनलॅकरचं आणि खोल कोरलेलं घेईन, काळेपणा खाचेत बसतो, वरचा भाग हात लागून चमकत राहतो आणि लोगो उलट जास्त उठून दिसतो.

चामड्याला पितळ लागून राहिलं की काही दिवसांनी कडेला हिरवट चिकट थर येतो, तो चामड्यातल्या तेलातल्या फॅटी ॲसिडशी तांब्याची क्रिया होऊन येतो. मागच्या बाजूला लॅकर मारून घ्या किंवा मध्ये पातळ फिल्म ठेवा. आणि हे जरूर लक्षात ठेवा, कोरायला सोपं म्हणून विकलं जाणारं पितळ बऱ्याचदा थोडं शिसं मिसळलेलं असतं, मोठ्यांच्या बॅगेला ठीक आहे, लहान मुलांच्या वस्तूला ते लावू नका. सोनेरी रंगच हवा आणि काळं पडायला नकोच असेल तर टायटॅनियम नायट्राइडचं पीव्हीडी कोटिंग (निर्वात जागेत वाफेतून बसवलेला पातळ थर) केलेलं स्टेनलेस बघा, त्यावर लेझरने कोरलं की खालचं रुपेरी स्टील दिसतं, तेही छान दिसतं.

प्रश्न: सिरीयल नंबरची यादी एक्सेलमध्ये पाठवली आणि प्लेटांवर भलतेच नंबर आले! शिवाय मराठी मजकुराच्या वेलांट्या तुटल्या. पुढच्या वेळी काय काळजी घेऊ?

एक्सेलचा स्वभाव असा की ०००४५ लिहिलं की तो त्याला ४५ समजतो, ३-१२ लिहिलं की तारीख करून टाकतो, आणि १५ आकड्यांपेक्षा लांब नंबर असेल तर पुढचे आकडे शून्य करून मोकळा होतो. म्हणून टाइप करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटला टाका, आणि फाइल पाठवताना सोबत पीडीएफ द्या ज्यात पहिला, मधला आणि शेवटचा नंबर जसा दिसायला हवा तसा दिसतोय. फाइल सीएसव्ही केलीत तर ती परत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, शून्य परत जातात. नंबरात इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक हे एकत्र येऊ देऊ नका, बारीक कोरल्यावर ओळखूच येत नाहीत.

मराठीचं म्हणाल तर कोरायच्या मशीनची बरीच सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात. तुमच्याकडच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मजकूर नीट लावा, मग फॉन्टचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा आणि तीच व्हेक्टर फाइल पाठवा, म्हणजे तिकडे तो मजकूर राहतच नाही, आकार होतो, आणि काही तुटत नाही. फॉन्ट जाड ठसठशीत घ्या, बारीक साइजला अनुस्वार आणि नुक्ता आधी जातात, आणि रंग भरणार असाल तर ध, घ, छ यांच्या पोटातली जागा बुजते. इंग्रजी अक्षरं ज्या उंचीला वाचता येतात त्यापेक्षा देवनागरी थोडी मोठीच ठेवा, वर मात्रा आणि खाली उकार असतो, मधल्या अक्षराला जागाच कमी उरते.

प्रश्न: हजार प्लेटांची ऑर्डर द्यायच्या आधी सॅम्पल कसं तपासायचं? आमच्याकडे लॅब नाही.

लॅब नसली तरी बरंच करता येतं. घरगुती विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधली टेस्ट साधी आहे, पाण्यात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद हाताने घासायचं, मग पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद, आणि त्यानंतर अक्षर सहज वाचता आलं पाहिजे, प्लेट सहज निघता कामा नये आणि कडा वळता कामा नयेत. कोरीव धातूला ही टेस्ट अगदीच सोपी आहे, पण भरलेला रंग आणि वरचं कोटिंग यांचं खरं रूप इथेच कळतं.

यापुढे तुमच्या जागेवर जे आहे तेच लावून बघा. थिनर, डिझेल, ब्रेक ऑइल, तुमचं धुलाईचं केमिकल, जे असेल ते एकेका प्लेटवर रात्रभर ठेवा. एक प्लेट खऱ्या मशीनवर, खऱ्या टेपने, खऱ्या जागी लावा आणि रंगवायला द्या, जसे तुमचे लोक रंगवतात तसेच, त्यांना काही न सांगता. खोली मोजायला डेप्थ गेज असेल तर ठीक, नसेल तर नख अडकतं का ते बघा आणि सप्लायरकडून मोजून लिहून घ्या. खाऱ्या हवेत जाणार असेल तर सॉल्ट स्प्रे टेस्टचा रिपोर्ट मागा, त्यात ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा असतो, पण तास किती ते विचारा, तासांशिवाय रिपोर्टला अर्थ नाही.

सॅम्पल पसंत पडलं की तसल्या दोन प्लेटा बाजूला काढा, दोन्हींच्या मागे तारीख, पत्र्याचा ग्रेड, खोली आणि दोघांच्या सह्या, एक तुमच्याकडे, एक सप्लायरकडे. माल आला की डब्याच्या वरच्या नाही तर मधल्या प्लेटा काढून त्याच्या शेजारी ठेवून बघा, आणि नंबर सलग आहेत का, एखादा दोनदा तर नाही ना आला, हे लावायच्या आधी यादीवर खूण करत तपासा, कारण एकदा रिव्हेट बसला की चुकीचा नंबर काढायला प्लेटच फोडावी लागते.